मोरणवाडी मुक्काम

"म्हणजे मग परत येणार नाहीत?" आईने विचारलं.

आमची बस जोशीमठाच्या फाटकाशी उभी होती. पुढचा रस्ता अरुंद, म्हणून बद्रीनाथहून उतरणाऱ्या गाड्या खाली आल्या की मगच वर जाणाऱ्या सोडायच्या, अशी त्या काळी तिथली पद्धत होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, वर बर्फाची शिखरं, आणि मध्ये भरली वांगी खाऊन पेंगणारी आमची सहल. माणूस हिमालयात नेला तरी त्याला घरच्यासारखंच खायला घालायचं, हे आमच्या सहलवाल्याचं ब्रीद होतं. त्यामुळे बरेच जण हिमालय झोपेत पाहत होते.

"कोण परत येणार नाही?" दादाने विचारलं. त्याला कळलं होतं. पण तो पुण्यात बँकेत मॅनेजर होता, आणि समोरच्याने प्रश्न पूर्ण विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही सवय त्याने घरीही आणली होती.

"हे," आई म्हणाली.

'हे' म्हणजे नाना, आमचे वडील. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"आई, तुला तीनदा सांगितलंय. बद्रीनाथला देवळाच्या पलीकडे ब्रह्मकपाल म्हणून जागा आहे. तिथे एकदा पिंड दिला की विषय संपला. मग दरवर्षीचं श्राद्ध नाही, पक्ष नाही, काही नाही."

"आणि हे?"

"नाना मुक्त."

"म्हणजे कुठे असतात?"

"कुठे नसतात. मुक्त म्हणजे कुठेच नाही. तेच तर त्यातलं विशेष आहे."

आईने खिडकीबाहेर पाहिलं. "बरं," ती म्हणाली.

आईच्या 'बरं'ला होकार समजून आमच्या घरात बरीच कामं झाली होती, आणि त्यातली बरीचशी मागाहून उलटी करावी लागली होती. तरी दादाने पुन्हा एकदा तो होकारच समजला आणि डोक्याला मफलर गुंडाळून डोळे मिटले.

ही कल्पना दादाचीच होती. नानांची तिथी पौषात यायची. त्या दिवशी दादा-वहिनी पुण्याहून कराडला यायचे. दादाला रजा मिळायची नाही, वहिनीला प्रवास सोसायचा नाही, आणि आमच्या गुरुजींना त्या दिवशी आणखी दोन घरं असल्यामुळे ते आमच्याकडे दुपार कलल्यावर उगवायचे. तोवर सगळं घर उपाशी. मग बँकेतल्या कुणीतरी दादाला ब्रह्मकपालाची माहिती दिली. दादाने मला फोन केला तेव्हा त्याच्या आवाजात, एखादं जुनं थकलेलं खातं कायमचं बंद करता येतं हे कळल्यावर होतो तसा आनंद होता. मीही हो म्हणालो. मी कराडलाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो, आई माझ्याकडेच असायची, आणि गुरुजींची वाट पाहणाऱ्यांत मी पहिला असायचो. आमच्या दोघांच्या बायका शहाण्या. त्या घरीच राहिल्या.

श्राद्धाच्या दिवशी आणखी एक भानगड असायची. गुरुजी दक्षिणा घेऊन जिना उतरले की आई परत स्वैपाकघरात जायची आणि कांदे चिरायला घ्यायची. माझी बायको पहिल्या वर्षी घाबरली होती.

"आई, श्राद्धाला कांदा चालत नाही."

"श्राद्ध झालं. हे जेवण आहे."

मग कांदाभजी तळायची. गरम असतानाच पानावर घालून गच्चीच्या कठड्यावर न्यायची आणि बाजूला उभी राहायची. गुरुजींच्या खिरीला तासभर न शिवलेला कावळा भज्यांवर मात्र यायचा. एकदा मी म्हटलं, अगं, कावळ्याला तेलकट आवडतंच, त्यात काय. आईने माझ्याकडे असं पाहिलं की अर्थशास्त्राखेरीज इतर विषयांवर मी बरेच दिवस बोललो नाही.

फाटक उघडलं. बस निघाली. आईने आग्रहाने ड्रायव्हरच्या मागची सीट घेतली होती. नाना एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे गाडी या विषयात आई कुणाला मोजत नसे.

"क्लचवर फार पाय ठेवतोय," ती मला म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि गप्प आहे. हे म्हणायचे, घाटात ड्रायव्हर गुणगुणत असला की खुशाल झोपावं. गप्प झाला की जागं राहावं." मग तिने पुढे वाकून ड्रायव्हरला सांगितलं, "भैया, गाना बोलो."

"जी माताजी?"

"गाना. तुम्हारा गाना."

ड्रायव्हरने आज्ञाधारकपणे टेप लावली.

"यंत्राचं नको," आई पुटपुटली, आणि बद्रीनाथ येईपर्यंत जागी राहिली.

शेजारच्या सीटवर मेहेंदळेकाकू होत्या. आदल्याच आठवड्यात केदारनाथला त्यांनी कारलं सोडलं होतं. तीर्थाला गेलं की एक काहीतरी खायचं कायमचं सोडून यायचं, ही रीत त्या कसोशीने पाळत. काशीला त्यांनी सुरण सोडला होता, गयेला पडवळ.

"पण काकू, सोडायचं तर आवडीचं सोडायचं असतं ना?" आईने विचारलं.

"आवडीचं सोडलं तर खायचं काय, सिंधूताई?" काकू म्हणाल्या. "देवाला भावना कळते. तुम्ही काय सोडणार बद्रीला?"

आई दरीत पाहू लागली. खाली अलकनंदा दिसत होती.

"मी काही सोडायला नव्हते आले हो," ती म्हणाली. "मुलं म्हणाली, चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने मिशी काढली. कॉलेजात असल्यापासूनची मिशी. नाना गेले तेव्हा काढली होती तेवढीच, मग पुन्हा जोमाने वाढवलेली. नदीकाठच्या न्हाव्याने ती दोन फटक्यांत उतरवली आणि दादा एकदम शाखेतल्या शिकाऊ कारकुनासारखा दिसायला लागला. आम्ही तप्तकुंडात आंघोळ केली. बाहेर हाडं गोठवणारा वारा आणि पाणी असं कढत, की देवाने इथे एकाच ठिकाणी दोन्ही शिक्षांची सोय केली असावी. मग दर्शन झालं. देवाच्या समोर दोन क्षण मिळाले. त्यातला एक पुढच्याचं डोकं चुकवण्यात गेला.

आवारात लक्ष्मीचं छोटं देऊळ आहे. तिथल्या पुजाऱ्याने समोर येईल त्या बाईच्या कपाळावर भराभर कुंकू टेकवलं. तो विचारत बसत नव्हता. कराडला कुणी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आलं तर आई आपणहून दोन पावलं मागे सरायची. इथे ती मागे सरली नाही. मागे गर्दी होती, असं मला वाटलं. पण बाहेर आल्यावरही तिने पदराने ते पुसलं नाही.

"आई, कपाळाला..." दादा म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "देवीचं आहे."

ब्रह्मकपाल म्हणजे नदीच्या काठावरचा एक सपाट दगडी चौथरा. ओळीने लोक बसलेले, प्रत्येकासमोर भाताचे पिंड, प्रत्येक ओळीला एक पंडा. आमच्या पंड्याला महाराष्ट्राची सवय होती. त्याचं मराठी अनेक यजमानांकडून थोडं थोडं गोळा केलेलं होतं, त्यामुळे त्यात कोल्हापूरही होतं आणि नागपूरही.

आई आमच्या मागे एका दगडावर बसली. समोरच्या खडकावर एक काळा पक्षी येऊन बसला. कावळ्याएवढाच, पण चोच पिवळी आणि पाय लाल. आई त्याच्याकडे संशयाने पाहत होती.

"हा कावळा आहे का रे?"

"इकडचा कावळा, माताजी," पंडा म्हणाला.

"हा यांना ओळखणार कसा?"

 पंड्याच्या मागे अजून दोन ओळी होत्या. त्याने दादाच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, पळीभर पाणी सोडायला लावलं, गोत्र विचारलं, आणि पत्रावळ पुढे सरकवता सरकवता जे तो दिवसभर प्रत्येकाला विचारत असणार ते विचारलं.

"तुमचे पिताजी नाहीत ना?"

"आहेत," मागून आई म्हणाली.

दादाचा हात पाण्यासह हवेत थांबला. पंड्याने वर पाहिलं.

"आहेत?"

"आहेत. ड्यूटीवर आहेत."

"आई!" दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"कसली ड्यूटी, माताजी?"

"एस.टी.त कंडक्टर आहेत."

"सरकारी?"

"सरकारी," आई म्हणाली. हा शब्द ती आयुष्यभर ज्या ठसक्यात म्हणत आली होती त्याच ठसक्यात.

दादा मागे वळला. "आई, काय बोलतेयस? अगं, नाना असते तरी आता रिटायर झाले असते!"

आईवर याचा काही परिणाम झाला नाही. पंड्यावर झाला. त्याने पत्रावळ स्वतःकडे ओढून घेतली.

"बाप हयात असताना पिंड? भाऊसाहेब, हे महापाप होतंय. मला पण लागेल."

"नाही हो, वडील वारलेत आमचे. म्हणूनच तर आलोय इतक्या लांब."

"माताजी तर सांगतात, आहेत." पंड्याने आईच्या कपाळाकडे पाहिलं. मग दादाच्या ताज्या गुळगुळीत ओठाकडे पाहिलं. "आणि पिताजी आहेत तर मूछ का काढली?"

"त्याला शोभत नव्हती," आई म्हणाली. हे मात्र तिचं जुनंच मत होतं.

आजूबाजूच्या ओळी आमच्याकडे पाहायला लागल्या. दादाचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्याच्यापुढे दोनच रस्ते होते. कपाळावर कुंकू लावून बसलेल्या आईला चारचौघांत खोटं पाडायचं, आणि नाना मेलेत, मेलेत, असं मोठ्याने सांगत राहायचं, नाहीतर उठायचं. बँकेच्या एकाही प्रशिक्षणात याची तयारी करून घेतलेली नव्हती.

"गुरुजी, तिला जरा... वयामुळे..." त्याने सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडली. आईला वयामुळे काहीही झालेलं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं.

मग पंडा माझ्याकडे वळला. "तुम्ही छोटे भाऊ ना? तुम्ही बोला. पिताजी आहेत की नाहीत?"

दादा माझ्याकडे पाहत होता. नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं: मुकुंदा, एक शब्द बोल आणि मोकळे होऊ.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. नदीपलीकडे, खालून येणारा रस्ता जिथे वळणावर दिसतो तिथे ती पाहत होती. मान किंचित तिरकी, एक हात गुडघ्यावर. असं पाहणं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. कराडच्या घराच्या फाटकाशी उभी राहून ती असंच पाहायची.

नानांच्या नशिबी बहुतेक मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी कराडहून निघायची, घाट चढून रात्री मोरणवाडीला थांबायची, सकाळी तीच परत. म्हणजे एक रात्र नाना घरी, एक रात्र मोरणवाडीला. सकाळी आई कांदा चिरून, पीठ कालवून ठेवायची. कढई मात्र चुलीवर चढायची नाही. नाना कोपऱ्यावर दिसले की मगच. गार भजी त्यांना चालत नसत. आम्ही भावंडं दप्तरं पाठीला लावून भुकेने विचारायचो, "आली का गाडी?" आणि आई रस्त्यावरची नजर न काढता म्हणायची, "घाटात असेल." गाडी आली नाही असं ती कधीच म्हणायची नाही. गाडी नेहमी घाटात असायची.

"मुक्कामी आहेत," मी पंड्याला म्हणालो. "मोरणवाडीला."

पंड्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दादाच्या बोटातलं पवित्रक काढून घेतलं. "मग पिताजींनाच घेऊन या एकदा," तो म्हणाला. "ते करतील त्यांच्या पिताजींचं." आणि पुढच्या ओळीकडे गेला. पिवळ्या चोचीचा तो पक्षीही त्याच्यामागोमाग गेला.

चहाच्या टपरीवर आम्ही तिघं एका बाकावर बसलो. दादा वरच्या ओठावरून बोट फिरवत होता.  मग तो बोलला, मोठ्याने नाही.

"देवाच्या दारात खोटं बोललीस आई."

"देवाला माहितीय कोण कुठे आहे ते. त्या पंड्याला माहीत नव्हतं. त्याला सांगितलं."

"पण इथवर आलीस कशाला मग? जोशीमठाला सांगायचंस. कराडला सांगायचंस!"

"मला कुठे माहीत होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, जमेल. तुम्हाला त्रास होतो दरवर्षी, ते दिसतं मला. काल रात्रीपर्यंत वाटत होतं जमेल. मग त्याने विचारलं, नाहीत ना? असं कुणी विचारतं का रे? नाहीत ना?"

चहा आला. तिने पेला दोन्ही हातांत धरला. पण प्यायली नाही.

"त्या दिवशी कांदा चिरून ठेवला होता," ती म्हणाली.

कुठला दिवस ते आम्हाला विचारावं लागलं नाही. त्या सकाळी मोरणवाडीची गाडी स्टँडवर वेळेवर आली. नाना तेवढे आले नाहीत. ड्रायव्हर शिंदेमामा चालत घरापर्यंत आले, नानांची तिकिटांची पेटी काखेत धरून, आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. रात्री मोरणवाडीच्या देवळात, जिथे नाना नेहमी पथारी टाकायचे, तिथेच झोपेत गेले होते. दुपारी त्यांना जीपमधून आणलं.

"जीपमधून आणलं ते मी धरत नाही," आई म्हणाली. "ते आणलं. आले नाहीत. मी तोपर्यंत पीठ झाकून ठेवलं होतं. कोणीतरी बाईने ते मोरीत ओतलं. कोणी ते आठवत नाही मला. बरंच झालं."

दादाने मान खाली घातली.

"आधी एकाआड एक दिवस यायचे," आई म्हणाली. "आता वर्षातून एकदा येतात. त्या दिवशी कढई ठेवते मी. मला दुसरं येतं काय, श्रीधर? लग्न झाल्यापासून वाट पाहण्याचंच काम केलं. ते तेवढं बरं जमतं. तुम्ही म्हणता, ते मुक्त होतील. होतील. पण मग मी पौषात गच्चीवर जाऊन काय करू?"

 दादाने आपला चहा तिच्या पेल्यात थोडा ओतला. तिचा पेला भरलेलाच होता, त्यामुळे तो बाकावर सांडला. मग आईने पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. घाईने नाही, आरशात पाहून पुसावं तसं, एकसारखं. पुसून झाल्यावर मला विचारलं, "गेलं का सगळं?"

"गेलं," मी म्हणालो.

मग ती चहा प्यायली.

परतीच्या बसमध्ये मेहेंदळेकाकूंनी विचारलं, "मग सिंधूताई, काय सोडलंत शेवटी?"

"काही नाही जमलं हो," आई म्हणाली, आणि जोशीमठाच्या फाटकापर्यंत शांत झोपली. ड्रायव्हर गप्प होता, तरीही.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दादा निवृत्त झाला. मिशी त्याने पुन्हा वाढवली, ती आता पांढरी आहे. बद्रीनाथचा रस्ता रुंद झालाय म्हणतात. हेलिकॉप्टरही जातं. वहिनी दरवर्षी विषय काढते, की आता दोघांचंही एकदम करून या, कशाला या वयात धावपळ. दादा तिला सांगतो, सध्या रस्ता खचलाय. हे तो दरवर्षी सांगतो. वहिनीनेही आता रस्त्याची चौकशी करणं सोडलंय.

या पौषात तो नेहमीसारखा आदल्या दिवशीच आला. जुने गुरुजी गेले. त्यांचा मुलगा येतो. तो वक्तशीर आहे, त्यामुळे आमची पंचाईत होते. सगळं लवकर आटपतं आणि मग दुपार उरते. नवे गुरुजी जिना उतरल्यावर माझ्या बायकोने न सांगता कांदे घेतले. भजी झाली तशी दादाने दोन पानं मागितली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"आईने कधी गरम खाल्ली का?" दादा म्हणाला. "नाना आले की त्यांना वाढायची, मग आपल्याला. स्वतः शेवटी, गार."

गच्चीत ऊन चांगलं तापलं होतं. दोन पानं कठड्यावर शेजारी शेजारी ठेवली. समोरच्या तारेवर एकही कावळा नव्हता. खाली रस्त्यावरून स्टँडकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येत होते. भज्यांची वाफ कमी व्हायला लागली तसा मी पुन्हा पुन्हा तारेकडे पाहायला लागलो.

"आली का गाडी?" मागून माझ्या बायकोने जिन्यातून विचारलं.

मी 'नाही' म्हणणार होतो. दादाने प्लास्टिकची खुर्ची कठड्याशी ओढली, बसला, आणि कोपऱ्यावरची नजर न काढता म्हणाला,

"घाटात असेल."